शंभर वॅटला शंभर वॅट? स्पीकर आणि ॲम्पच्या जोडीची गोष्ट

आजचा भाग एका मेसेजमुळे तयार झालाय. एका मित्राने नवीन घरात गाणी ऐकायला ॲम्प्लिफायर घेतला आणि मला विचारलं, "ॲम्प १०० वॅटचा आहे. स्पीकर १०० वॅटचे घेऊ की १५० चे?"

मला हसू आलं, कारण चार वर्षांपूर्वी अगदी हाच प्रश्न मी एका दुकानात विचारला होता. दुकानदार म्हणाला, १०० ला १०० घ्या, परफेक्ट मॅच. घेतले. कमरेएवढ्या उंचीचे टॉवर स्पीकर, ४ ओहमचे. ॲम्पच्या पाठीमागे बारीक अक्षरांत 'किमान ८ ओहम' लिहिलेलं होतं. ते ना त्याने वाचलं, ना मी. आवाज जरा वाढवला की ॲम्प तापायचा आणि टक्क करून बंद पडायचा. त्यात आमचा हॉल दहा बाय बाराचा. तबला लावला की डग्गा असा घुमायचा, की खालच्या मजल्यावरचे काका एकदा विचारायला आले, घरात तोडफोड चालू आहे का. सहा महिन्यांनी ते स्पीकर २५,००० रुपये सोडून विकले. ओहमचा नियम शाळेपासून पाठ, वर बी.टेक., पण दुकानात तो नियम काही आठवला नाही.

त्यानंतर मी वाचत बसलो आणि कळलं, की वॅटला वॅट जुळवायचा हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. तो चुकीचा का झाला, याला मोठा इतिहास आहे. आज तोच सांगतो.

सुरुवात १९२५ पासून. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी एक शोधनिबंध लिहिला. चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं, वेटोळ्याला जोडलेला कागदाचा शंकू. वेटोळ्यातून करंट गेला की शंकू पुढेमागे हलतो आणि हवा ढकलतो. बस, एवढंच. तुमच्या फोनमध्ये, रिक्षात, गणपतीच्या मिरवणुकीतल्या भिंतीत आजही मूळ यंत्र हेच आहे. वेटोळ्याची कल्पना त्याच्याही आधीची, ऑलिव्हर लॉजने १८९८ सालीच तिचं पेटंट घेतलं होतं. पण घरात ठेवता येईल असा नीट वाजणारा स्पीकर या दोघांचा.

तो १९२६ मध्ये 'रेडिओला १०४' या नावाने विकायला आला. किंमत २५० डॉलर. आणि आता गंमत बघा. त्याच्या आतच ॲम्प बसवलेला होता, १ वॅटचा. म्हणजे आपण आज ज्याला ॲक्टिव्ह स्पीकर म्हणतो, तो हा. जोडी जुळवायची कटकट गिऱ्हाइकावर टाकलेलीच नव्हती. ती नंतर आली.

एक वॅट हा आकडा डोक्यात ठेवा. त्या काळात पॉवर भयंकर महाग होती. व्हॉल्व्ह महाग, ट्रान्सफॉर्मर महाग, आणि वीज तर सगळ्या घरांत पोचलेलीही नव्हती. मग बोलपट आल्यावर शेकडो माणसांचं थिएटर थोड्याशा वॅटमध्ये भरायचं कसं? उत्तर होतं कर्णा. आपल्याकडे जत्रेत, देवळावर, निवडणुकीच्या जीपवर बांधतात तोच. कर्णा जादू करत नाही. छोट्या पडद्याची हालचाल बाहेरच्या मोकळ्या हवेपर्यंत नीट पोचवतो. साधा शंकूवाला स्पीकर विजेचा जेमतेम एक टक्का आवाजात बदलतो, उरलेल्या ९९ टक्क्यांनी फक्त वेटोळं गरम होतं. चांगला कर्णा त्याच्या कितीतरी पट जास्त बदलतो. पॉवर महाग असेल तर अभियंता आधी गळती बंद करणार, हे उघड आहे.

'मॅचिंग' हा शब्दही याच व्हॉल्व्हच्या जगातला. व्हॉल्व्हला समोर हजारो ओहमचा भार लागतो आणि स्पीकर तर असतो ४, ८ नाहीतर १६ ओहमचा. मधे ट्रान्सफॉर्मर घालावाच लागतो. म्हणून जुन्या ॲम्पच्या मागे ४, ८, १६ असे वेगवेगळे टोक असायचे. स्पीकर ८ चा तर तार ८ ला, संपला विषय. त्या वेळी मॅचिंगला अगदी ठोस अर्थ होता आणि तो ओहमशी होता. वॅटशी नव्हता. पुढे ट्रान्झिस्टर आले. त्यांच्या ॲम्पचा स्वतःचा आउटपुट रोध जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरची गरज संपली आणि टोकंही गेली. शब्द मात्र राहिला, आणि रिकाम्या शब्दात कुणीतरी वॅट भरले. माझा दुकानदार त्याच परंपरेतला.

आता एका माणसाबद्दल थोडं थांबून बोलायचंय. पॉल क्लिप्श. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात होप नावाच्या गावी लष्कराच्या चाचणी केंद्रावर तो नेमणुकीला होता. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये तिथेच त्याने कंपनी काढली आणि 'क्लिप्शहॉर्न' विकायला लागला. बाससाठी कर्णा खूप लांब लागतो. त्याने तो घडी घालून पेटीत बसवला आणि शेवटचा भाग बनवलाच नाही. पेटी खोलीच्या कोपऱ्यात सरकवायची. दोन भिंती आणि जमीन मिळून कर्ण्याचं तोंड तयार! म्हणजे घरच स्पीकरचा भाग. एका वॅटला एका मीटरवर साधारण १०५ डेसिबल. वेड लागण्यासारखा आकडा आहे हा. पण अट बघा: पेटी भलीमोठी, आणि चांगला रिकामा कोपरा हवा. ज्या घरात कोपऱ्यात दार आहे, तिथे हा स्पीकर निम्माच.

हे सगळं उलटं झालं दोन कारणांनी.

पहिलं कारण, वॅट स्वस्त झाले. १९४७ मध्ये ब्रिटनच्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी १५ वॅटच्या ॲम्पचं डिझाइन छापलं. विकृती ०.१ टक्का. सर्किट सगळ्यांसाठी खुलं, जगभरातल्या हौशी लोकांनी ते घरी बनवलं. आपल्या भाषेत सांगायचं तर ओपन सोर्स, गिटहबच्या साठ वर्षं आधी. मग १९५९ मध्ये डायनाकोने 'स्टिरिओ ७०' हा किट आणला. दोन्ही बाजूंना ३५-३५ वॅट, शंभर डॉलरच्या आत, सोल्डरिंग स्वतः करा.

दुसरं कारण एडगर विल्चर. १९५४ मध्ये त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी हेन्री क्लॉस यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला 'अकूस्टिक रिसर्च' ही कंपनी काढली. विल्चर यांचं म्हणणं असं: शंकूला परत जागेवर आणणारी जी लवचिक कडा असते, ती ओढताना सरळ वागत नाही, म्हणून बास बिघडतो. मग कडा एकदम सैल करू या, पेटी हवाबंद करू या, आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचं काम देऊ या. हवा कडेपेक्षा शिस्तीची निघाली. 'एआर-१' ही पेटी पुस्तकांच्या फळीवर बसेल एवढी होती आणि तिचा बास कपाटाएवढ्या स्पीकरांना लाजवणारा. पुढे 'एआर-३' आणि फाइन आर्ट्स क्वार्टेट घेऊन त्यांनी जाहीर कार्यक्रम केले. वादक मधेच वाजवायचे थांबत, रेकॉर्डिंग पुढे चालू राहत असे, आणि बदल नेमका कुठे झाला ते श्रोत्यांना ओळखता येत नसे.

किंमत कुठे मोजली? कार्यक्षमतेत. सैल आणि जड शंकू हलवायला ताकद लागते. पाच वॅटवर खूश असणारा कर्ण्याचा मालक हा स्पीकर घरी आणला की विचारायचा, याचा आवाज कुठे गेला?

आता येतो आजच्या भागाचा खरा गाभा. क्लॉस यांनी १९५७ मध्ये दोन साथीदारांबरोबर 'केएलएच' नावाची कंपनी काढली. त्यातला 'एच' म्हणजे जोसेफ अँटन हॉफमन, प्रसिद्ध पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचा मुलगा. त्याच्या नावाने स्पीकरच्या जगात एक 'पोलादी नियम' चालतो. छोटी पेटी, खोल बास, जास्त कार्यक्षमता: यातल्या कुठल्याही दोन घ्या, तिसरी मिळणार नाही. आणि हा जाहिरातवाल्यांचा नियम नाही, भौतिकशास्त्राचा आहे. पैसे कितीही टाका, पळवाट नाही. स्पीकर विकत घेताना तुम्ही खरं तर एवढंच ठरवत असता, की तीनपैकी काय सोडायचं. क्लिप्शने आकार सोडला. विल्चर यांनी कार्यक्षमता सोडली. फुटभर उंचीचे आजचे जे गोंडस बुकशेल्फ स्पीकर दिसतात, त्यांनी एक अख्खी आणि दुसरी अर्धी सोडलेली असते.

जगाने विल्चर यांची बाजू घेतली, कारण १९५८ च्या सुमारास स्टिरिओ रेकॉर्ड आल्या. एक कपाट घरात कसंबसं मावत होतं; आता दोन हवी होती, आणि तीही समोरासमोरच्या भिंतीला नाही तर एकाच भिंतीला. घरातल्या बाकीच्या मंडळींचं मत मोजलं गेलं असावं, असा माझा अंदाज आहे. साठच्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या स्पीकरच्या बाजाराचा जवळजवळ एक-तृतीयांश भाग एकट्या अकूस्टिक रिसर्चकडे होता.

याच काळातला एक गिऱ्हाईक आपल्या ओळखीचा आहे. अमर बोस. वडील नोनी गोपाल बोस, कलकत्त्याहून ब्रिटिशांच्या तावडीतून निसटून अमेरिकेत गेलेले क्रांतिकारक. मुलगा एमआयटीत शिकला, लहानपणी व्हायोलिन शिकलेला. १९५६ मध्ये डॉक्टरेट संपवताना त्याने स्वतःलाच बक्षीस म्हणून एक हाय-फाय संच घेतला. इंजिनीअर माणूस, त्यामुळे आकडे वाचून सगळ्यात चांगला निवडला. घरी आणला आणि निराश झाला. व्हायोलिन व्हायोलिनसारखं वाजेना. त्या निराशेतून आधी संशोधन आणि मग १९६४ मध्ये कंपनी झाली. (माझ्या निराशेतून फक्त हा भाग झाला.) सभागृहात कानावर येणारा बराचसा आवाज भिंतींवरून परतून येतो, हे धरून त्याने १९६८ मध्ये 'बोस ९०१' आणला. नऊ छोटे स्पीकर, त्यातले आठ पाठीमागे भिंतीकडे तोंड करून, आणि सोबत एक इक्वलायझर जोडायचाच. छोट्या शंकूंकडून बास काढायचा तर तो इक्वलायझर खालच्या सुरांना जोरात ढकलणार, म्हणजे वॅट पुन्हा खर्च होणार. हॉफमनचा नियम इथेही पाठ सोडत नाही.

दरम्यान इंग्लंडमध्ये 'क्वाड'च्या पीटर वॉकर यांनी १९५७ मध्ये वेटोळं आणि चुंबक दोन्ही काढून टाकून प्लास्टिकच्या ताणलेल्या पडद्याचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर काढला. मधला आवाज, म्हणजे माणसाचा गळा, त्यावर असा येतो की आजही लोक जुने जोड शोधून दुरुस्त करून वापरतात. पण त्याला स्वतःच्या १५ वॅटच्या क्वाड ॲम्पची सवय. पुढे कुणी दांडगा ॲम्प लावला की पडद्याजवळ ठिणगी पडायची आणि पॅनेल खलास. म्हणजे जास्त वॅट चांगले, हेही नेहमी खरं नाही.

सत्तरच्या दशकात ट्रान्झिस्टरने वॅटची लूटच केली आणि मग आकड्यांची मारामारी सुरू झाली. कंपन्या एका क्षणाच्या उसळीला 'पीक म्युझिक पॉवर' म्हणून डब्यावर छापायला लागल्या. हा प्रकार इतका वाढला, की १९७४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नियमच केला: घरगुती ॲम्पचे वॅट सांगायचे तर सतत देता येणारे सांगा, दोन्ही बाजू एकदम चालवून सांगा, किती ओहमला, कुठल्या सुरापासून कुठल्या सुरापर्यंत आणि किती विकृतीसह ते सांगा. मोजण्याआधी ॲम्प एक तास एक-तृतीयांश पॉवरवर चालवा. ही अट खरी चावणारी होती, कारण साधारण त्याच पातळीवर असा ॲम्प जवळजवळ सगळ्यात जास्त तापतो. कागदावरचे बरेच वाघ त्या तासात भाजून निघाले.

आपल्याकडे हे वारं पोचेपर्यंत वेगळंच रूप आलं. नव्वदच्या दशकातला टू-इन-वन आठवतो? तुम्हाला नसेल, आईबाबांना विचारा. हातात धरून नेता येईल एवढा डबा आणि त्यावर चकाकता स्टिकर: '१००० वॅट पीएमपीओ'. पीएमपीओ कसा मोजायचा याची सर्वमान्य व्याख्याच नाही. प्लगमधून ३० वॅट खेचणारा डबा १००० वॅट देतो, हा चमत्कार आम्ही लहानपणी शांतपणे मान्य केला होता. आणि मग मोठेपणी दुकानात उभं राहून पहिला प्रश्न वॅटचाच विचारतो. सवय तिथली.

ऐंशीच्या दशकात उलट्या बाजूनेही अतिरेक झाला. अमेरिकेतल्या 'अपोजी' कंपनीचा 'सिंटिला' हा रिबन स्पीकर १ ओहमचा होता. आता ओहमचा नियम: व्होल्टेज तेच, रोध आठपट कमी, म्हणजे करंट आठपट. भलेभले ॲम्प त्याच्यासमोर गप्प झाले. माझ्या ४ ओहमच्या टॉवरने माझ्या ॲम्पचं जे केलं, ते याचंच छोटं रूप. आणि डब्यावरचा '८ ओहम' हा नाममात्र आकडा असतो. प्रत्यक्षात रोध सुरानुसार वरखाली होतो. आंतरराष्ट्रीय मानक सांगतं, की तो नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये. म्हणजे ८ चा स्पीकर ६.४ च्या खाली जाता कामा नये. सगळे हे पाळत नाहीत. म्हणून माहितीपत्रकात 'किमान इम्पिडन्स' शोधायचा.

आता थोडं गणित. बीबीसीने सत्तरच्या दशकात आपल्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी 'एलएस३/५ए' नावाचा छोटासा स्पीकर बनवला. बोलणाऱ्याचा आवाज त्यावर फार खरा वाटतो. कार्यक्षमता मात्र साधारण ८३ डेसिबल. क्लिप्शहॉर्न १०५. फरक २२ डेसिबलचा. दर ३ डेसिबलला पॉवर दुप्पट लागते, १० ला दसपट. २२ म्हणजे जवळजवळ १६० पट. क्लिप्शहॉर्न १ वॅटवर जेवढा वाजतो, तेवढं वाजायला या बीबीसीवाल्याला १६० वॅट लागतील, आणि तो तर २५ वॅटचा गडी. तिथवर पोचायच्या आधीच वेटोळं जळेल. मग सांगा, 'वॅटला वॅट' याचा अर्थ काय उरला?

आणि घरात किती लागतात? ८६ डेसिबलचे दोन स्पीकर, तुम्ही अडीच मीटरवर, शेजारी तक्रार करतील एवढा आवाज. सरासरी एखादा वॅटही लागत नाही. एकदम येणाऱ्या थापेला, समेवरच्या ठोक्याला, दहा-पंधरा वॅट. ॲम्पमध्ये त्याहून थोडी शिल्लक हवी, कारण कमी पडला की लहरीचे शेंडे कापले जातात आणि तो खरखरीतपणा नाजूक ट्वीटरला मारतो. पण ५० चा १०० केला तरी मिळणार ३ डेसिबल, कानाला 'थोडंसं जास्त'. पैसे तिथे घालू नका.

पैसे कुठे घालायचे, ते कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी वर्षानुवर्षं मोजून दाखवलं. पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले. ब्रँड दिसत नसताना लोकांची पसंती बऱ्यापैकी एकसारखी निघाली: ज्याचा आवाज समोर आणि बाजूंनाही सपाट, समतोल पसरतो तो. नंतर हार्मन कंपनीत, १९९४ मध्ये, त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह यांनी तेच स्पीकर एकदा दाखवून आणि एकदा लपवून ऐकवले. दिसत असताना मोठ्या, महागड्या पेट्यांना गुण वाढले. ऐकणारे कंपनीचेच लोक होते. टॉवर घेताना माझे कान नाही, डोळे ऐकत होते, हे मला तेव्हा पटलं.

राहिली खोली. बारा फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतींमध्ये अडकून फुगतो. दहा फुटांच्या बाजूला ५६ च्या आसपास. माझ्या हॉलमध्ये दोन्ही, वर चकचकीत टाइल्स आणि उघड्या भिंती. त्यात खोल बासचा टॉवर कोपऱ्यात ठेवला. क्लिप्शने जो कोपरा मुद्दाम वापरला, तोच मी नकळत वापरला. डग्गा घुमणार नाही तर काय?

मित्राला मी हे सगळं नाही सांगितलं, तो चालू मेसेजमध्ये ब्लॉक करेल. एवढंच लिहिलं: वॅट विसर. ॲम्पच्या मागचा किमान ओहम वाच, स्पीकरचा किमान इम्पिडन्स त्याच्या खाली नको. सेन्सिटिव्हिटी ८६-८७ च्या वर बघ. हॉल छोटा आहे, तेव्हा बास थोडा सोड, नंतर वाटलं तर सबवूफर घेता येतो. भिंतीपासून दीडदोन फूट पुढे ठेव, मागे पुस्तकांचं कपाट, खाली सतरंजी. आणि दुकानात त्यांची डेमोची गाणी नको, तुझी रोजची तीन गाणी घेऊन जा, दोन्ही जोड एकाच आवाजाला लावायला सांग आणि डोळे मिटून ऐक.

त्याने सहा इंची वूफरचे बुकशेल्फ घेतले. परवा मेसेज आला: "व्हॉल्यूम शंभरपैकी तीसवर ठेवतो. त्याच्या वर आई ठेवू देत नाही."